वृत्तपत्राची पाने आणि मालकीचा प्रश्न

वृत्तपत्रस्वातंत्र्याच्या चर्चेत ‘नियमन’ आणि ‘नियंत्रण’ हे शब्द पुष्कळदा एकमेकांच्या जागी वापरले जातात. अर्थदृष्ट्या त्यांत भेद आहे. नियमनात सर्वांना सारखा लागू होणारा नियम अभिप्रेत असतो; नियंत्रणात दोरी नियम करणाऱ्याच्या हाती राहते. परंतु एखादा कायदा यांपैकी कोणत्या सदरात पडतो, हे शब्दकोशावरून ठरत नाही; त्याचा परिणाम पाहावा लागतो. प्रस्तुत टिपणात दोन मराठी पत्रांच्या आधारे हा मुद्दा स्पष्ट करावयाचा आहे.

पहिले पत्र अलिबागचे. कुलाबा जिल्ह्यातील (१९८१ पासून रायगड) चरी येथे १९३३ मध्ये कुळांनी खोतांच्या जमिनी कसण्यास नकार दिला. हा लढा १९३९ पर्यंत चालला. त्याचे नेते नारायण नागू पाटील यांनी तो चालू असतानाच, १९३७ मध्ये, ‘कृषीवल’ काढले. कुळांच्या या कृतीला ‘संप’ म्हणावे की ‘खंड बुडविणे’ म्हणावे, ही केवळ शब्दनिवड नव्हे. पहिल्या शब्दात हक्क गृहीत आहे, दुसऱ्यात अपराध. कोणता शब्द छापला जाईल, हे छापखाना कोणाच्या हाती आहे यावर बऱ्याच अंशी अवलंबून असते. मालकीच्या विविधतेचे महत्त्व येथे आहे. ‘कृषीवल’चा संस्थापक तटस्थ नव्हता, एका पक्षाचा कैवारी होता, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. विविधता म्हणजे मालकांची निःपक्षपातिता नव्हे. भिन्न पक्षांना बोलण्याचे साधन मिळणे, एवढाच तिचा अर्थ.

हे साधन टिकावे कसे? न्यायमूर्ती राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालील पहिल्या वृत्तपत्र आयोगाने १९५४ च्या अहवालात एक उपाय सुचविला. मोठे भांडवल आणि भरपूर जाहिराती असलेले पत्र त्याच किमतीत अधिक पाने देऊ शकते व लहान पत्राचे वाचक ओढून घेते. म्हणून पानांच्या संख्येशी किंमत बांधून टाकावी. त्यानुसार १९५६ चा किंमत व पाने कायदा झाला आणि १९६० मध्ये त्याखालील आदेश निघाला.

या आदेशाला आव्हान देण्यात पुढे आले ते पुण्याचे ‘सकाळ’. डॉ. ना. भि. परुळेकर यांनी १९३२ मध्ये स्थापिलेले हे मराठी पत्र सात नव्या पैशांत, आठवड्याच्या सहा दिवसांत मिळून ३४ पाने देत असे. तेवढीच पाने द्यावयाची तर किंमत आठ नवे पैसे करणे भाग होते. किंमत तीच ठेवावयाची तर पाने कमी करणे भाग होते. पहिल्याने खप घटणार, दुसऱ्याने मजकूर.

सरकारचे म्हणणे असे की, हे बंधन व्यवसायावरील आहे आणि संविधानाच्या अनुच्छेद १९(६) प्रमाणे सार्वजनिक हितासाठी ते घालता येते. २५ सप्टेंबर १९६१ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा युक्तिवाद अमान्य केला. न्यायमूर्ती मुधोळकर यांनी दाखविले की, पाने आणि खप ही अभिव्यक्तीची अंगेच आहेत. अभिव्यक्तीवरील बंधनांची कारणे अनुच्छेद १९(२) मध्ये मोजून दिली आहेत, आणि ‘सार्वजनिक हित’ हे त्यांत नाही. एकाचे स्वातंत्र्य वाढविण्यासाठी दुसऱ्याचे कमी करता येत नाही.

तथापि वाद संपला नाही. १९७२ मध्ये बेनेट कोलमन खटल्यात वृत्तपत्री कागदाच्या धोरणातील पानांची मर्यादा बहुमताने रद्द झाली. परंतु न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी भिन्न मत नोंदविले. त्यांच्या विवेचनाचा आशय असा की, प्रसाराची साधने थोड्यांच्या हाती एकवटली तर बाकीच्यांचे भाषणस्वातंत्र्य नावापुरते उरते. ‘सकाळ’ निकालाने बोलणाऱ्याचा हक्क राखला. ज्याला बोलण्याचे साधनच नाही त्याचा प्रश्न तसाच राहिला.

१९६६ मध्ये वृत्तपत्र परिषद स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष मुधोळकर हेच होते. आणीबाणीत ती बरखास्त झाली आणि १९७८ च्या कायद्याने पुन्हा उभी राहिली. ती ताकीद देऊ शकते, निषेध करू शकते. मालकीचे केंद्रीकरण रोखण्याचा अधिकार तिला नाही. दूरसंचार नियामक प्राधिकरणाने २०१४ मध्ये माध्यमांच्या मालकीवर मर्यादा घालण्याच्या शिफारशी केल्या, त्या प्रश्न अद्याप जिवंत असल्याचीच साक्ष होत.

या दोन उदाहरणांतून एक कसोटी हाती येते. जो नियम मजकूर, पाने किंवा खप यांना हात घालतो तो, हेतू कितीही चांगला असला तरी, नियंत्रणाकडे झुकतो. १९५६ च्या नियमांनी मालकांची व एक टक्क्याहून अधिक भाग असणाऱ्यांची नावे दरवर्षी छापणे पत्रांना बंधनकारक केले; हे नियमन होय, कारण त्याने एकही ओळ कमी होत नाही आणि छापलेला शब्द कोणाचा आहे हे वाचकाला कळते. मात्र असे निवेदन नवे पत्र जन्माला घालू शकत नाही. चरीच्या कुळांना स्वतःचा शब्द छापता आला तो कोणत्याही नियमामुळे नव्हे, तर त्यांच्यातील एकाने पत्र काढले म्हणून. आज तसे पत्र काढणे व टिकविणे कितपत शक्य आहे, यावरच या वादातील कोणत्याही उपायाची किंमत ठरवावी लागेल.