तांब्याची तार, अॅल्युमिनियमची तार आणि त्यांचा जोड

कोरपना तालुक्यातील काळ्या जमिनीत कापूस बोंडे धरीत असता विहिरीवरील पंप जळाला, म्हणजे दोष मोटरला दिला जातो. वस्तुतः दोषाचे मूळ पुष्कळदा तारेच्या जोडात असते.

अॅल्युमिनियमची तार स्वस्त व हलकी खरी. परंतु तिची वीज वाहून नेण्याची क्षमता तांब्याच्या सुमारे ६१ टक्केच असते. म्हणून तांब्याच्या २.५ चौरस मिलिमीटर तारेऐवजी अॅल्युमिनियमची ४ चौरस मिलिमीटरची तार घ्यावी लागते.

अॅल्युमिनियमवर हवेमुळे ऑक्साइडचा थर येतो व तो वीज अडवितो. शिवाय हा धातू पेचाखाली हळूहळू दबत जातो. त्यामुळे जोड सैल होऊन तापतो. दोन्ही तारा नुसत्या पिळून जोडल्यास ओलाव्यात अॅल्युमिनियम झिजते. असा एक जोड तुटला, की थ्री-फेज मोटर उरलेल्या दोन फेजांवर ओढत राहते व जळते.

यास्तव अशा जोडास, एका टोकाला तांबे व दुसऱ्या टोकाला अॅल्युमिनियम असलेला बायमेटॅलिक लगच वापरावा. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी जोड तपासावेत. हे काम वीजपुरवठा पूर्ण बंद करून परवानाधारक वायरमनकडूनच करवून घ्यावे. ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी ही गोष्ट प्रत्येक पंपधारकास समजावून द्यावी. लगाचा खर्च अल्प आहे. जळालेल्या मोटरपायी हातचे पीक जाते.