पासष्ट मिलिमीटरचा हिशेब

बीड जिल्ह्यात रात्री ढगफुटीसारखा पाऊस झाला की सकाळी पारावर पहिला प्रश्न एकच असतो : मंडळात किती भरला? महसूल मंडळात चोवीस तासांत 65 मिलिमीटर भरला तर अतिवृष्टी. मग पंचनामे आणि मदतीची वाट मोकळी होते. त्याहून दोन-तीन मिलिमीटर कमी भरला, तर सोयाबीन पाण्यात उभं असलं तरी कागद अडू शकतो. वर्षाकाठी जेमतेम साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास पावसाच्या या जिल्ह्यात, आष्टी-पाटोद्यापासून परळीपर्यंत, माणसाचं पुढचं वर्ष त्या आकड्यावर ठरतं.

तो आकडा येतो कसा? पर्जन्यमापकाचं तोंड 200 चौरस सेंटिमीटरचं असेल, तर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे बाटलीत 20 मिलिलिटर पाणी. सकाळी साडेआठला बाटली काढायची, पाणी मोजपात्रात ओतायचं, नजर पाण्याच्या पातळीला आणून खोलगट पृष्ठभागाची खालची कड वाचायची. उभ्याने, वरून पाहिलं की आकडा चुकतो. पाऊस नसेल त्या दिवशी शून्यही लिहायचं. कोरी जागा आणि शून्य यांत फार अंतर आहे : शून्य म्हणजे कोणीतरी पाहिलं. आणखी एक गोष्ट शेतकऱ्यांना कोणी नीट सांगत नाही. हवामान खात्याचा दिवस साडेआठला बदलतो. पहाटेपासून दहापर्यंत एकच सर कोसळली, तर तिचं पाणी दोन तारखांत वाटलं जातं आणि कुठल्याच तारखेला 65 न भरण्याची शक्यता असते.

ही शिस्त महाराष्ट्राला नवी नाही. मुंबईत कुलाब्याची वेधशाळा ईस्ट इंडिया कंपनीने 1826 मध्ये उभारली, ती खगोलशास्त्रासाठी. 1841 मध्ये एल्फिन्स्टनचे प्राध्यापक ऑर्लेबार यांच्या देखरेखीखाली चुंबकत्वाच्या आणि हवामानाच्या नियमित नोंदी सुरू झाल्या. बाळशास्त्री जांभेकर आणि केरो लक्ष्मण छत्रे ही मराठी नावंही या वेधशाळेशी जोडलेली आहेत. 2 सप्टेंबर 1859 ला प्रचंड चुंबकीय वादळ आलं; युरोप-अमेरिकेतल्या तारयंत्रांतून ठिणग्या उडाल्या. कुलाब्यातलं चुंबकीय क्षेत्र तेव्हा सुमारे 1600 नॅनोटेस्लांनी घसरल्याची नोंद वहीत होती. 2003 मध्ये भारतीय भूचुंबकत्व संस्थेतल्या लखिना आणि अ‍ॅलेक्स यांनी परदेशी सहकाऱ्यांसह ती वाचून त्या वादळाची तीव्रता जगापुढे मांडली. लिहिणाऱ्याला आपण काय जपून ठेवतोय याची कल्पनाही नसेल.

मला सर्वांत मोलाचा वाटतो तो 1904 चा निर्णय. मुंबईत विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने सुया थरथरणार, म्हणून संचालक नानाभाई मूस यांच्या काळात चुंबकीय वेधशाळा अलिबागला गेली. पण जुनी लगेच बंद केली नाही. 1906 पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणजे कुलाब्याच्या आकड्यांना अलिबागचे आकडे जोडता यावेत. मालिका तुटली नाही.

मात्र लांब मालिका असली म्हणून सगळं कळतं असं नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला आणि त्याच शहरात कुलाब्याला फक्त 73. मुंबईसारख्या शहरात हे होतं, तर बालाघाटाच्या डोंगराने दोन भाग केलेल्या बीडमध्ये एका मंडळातल्या सगळ्या गावांचा पाऊस एका मापकाने कसा सांगायचा? डोंगरावर कोसळतं, खाली गोदाकाठच्या गेवराईत ऊन असतं. मंडळागणिक स्वयंचलित केंद्रं बसली हे चांगलं झालं. गावागणिक बसायला हवीत.

पण नवं यंत्र आलं म्हणून तहसिलातला जुना मापक उचलून अडगळीत टाकणं चुकीचं आहे. 1972 च्या दुष्काळाशी आजचं वर्ष ताडून पाहायचं तर त्याच जागेचा, त्याच पद्धतीचा आकडा लागतो. शेजारी झाड वाढलं, भिंत उठली, तर मापकात पडणारं पाणी बदलतं. ते कधी बदललं हेही वहीत लिहिलेलं हवं. अलिबागला केलं तसं इथेही काही पावसाळे जुना आणि नवा मापक शेजारी-शेजारी चालवावा, दोन्ही आकडे एकाच पानावर लिहावेत आणि ते पान ग्रामपंचायतीच्या फलकावर रोज लावावं.