झाकण लावून घेतलेली छायाचित्रे

आपल्या वसतिगृहाच्या गच्चीवरून काढलेले मृग नक्षत्राचे एक छायाचित्र काही वर्षांपूर्वी शाळेच्या भित्तिपत्रकावर लागले होते. त्या वेळच्या निवासी विद्यार्थ्यांना ते आठवत असेल. मृगाच्या पोटात रुतलेला तीन ताऱ्यांचा बाण, त्याखाली तेजोमेघाचा धूसर ठिपका आणि थोड्या अंतरावर, कोणत्याही नकाशात न सापडणारा एक तांबडा तारा. ज्या विद्यार्थ्याने तो प्रथम पाहिला, त्याच्या आनंदाला पारावार उरला नव्हता. सायंवंदनेनंतर भोजनगृहात दुसरा विषय नव्हता. मी विज्ञानाचा शिक्षक. तरीही पुरेशी शहानिशा न करता ते चित्र लावण्यास मी संमती दिली. ती चूक माझीच.

तो तारा नव्हता, हे चार दिवसांनी त्याच विद्यार्थ्याने शोधून काढले. कॅमेरा तिपाईवर स्थिर होता आणि एकामागून एक, प्रत्येकी १५ सेकंदांची अनेक छायाचित्रे घेतलेली होती. पृथ्वीच्या परिवलनामुळे आकाश तासाला १५ अंश सरकते. म्हणजे दहा मिनिटांत अडीच अंश. पहिल्या आणि दहा मिनिटांनंतरच्या छायाचित्रांत मृगाचे सर्व तारे सरकलेले होते. काक्षी सरकली होती, राजन्य सरकला होता. तो तांबडा ठिपका मात्र चित्राच्या चौकटीत जिथल्या तिथे होता. जे आकाशाबरोबर सरकत नाही, ते आकाशातले नाही. ते कॅमेऱ्यातले आहे.

कॅमेऱ्यातील सेन्सर म्हणजे सिलिकॉनच्या चकतीवर आखलेले लक्षावधी सूक्ष्म कप्पे. प्रत्येक कप्प्याला पिक्सेल म्हणतात. प्रकाश पडला की तेथे इलेक्ट्रॉन मोकळे होतात, कप्प्यात साठतात आणि शेवटी मोजले जातात. अडचण अशी, की सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास उष्णताही पुरेशी होते. मोजणाऱ्या यंत्रणेला हा इलेक्ट्रॉन ताऱ्याने सोडला की उकाड्याने, हे कळण्याचा मार्ग नसतो. अंधारातही चालणाऱ्या या गळतीस ‘डार्क करंट’ म्हणतात. बहुतेक पिक्सेलांत ती अल्प असते. परंतु घडणीत दोष राहिलेले काही पिक्सेल इतरांहून कितीतरी अधिक गळतात. तेच हे ‘हॉट पिक्सेल’. प्रत्येक पिक्सेलवर लाल, हिरवी किंवा निळी गाळणी असल्यामुळे त्यांची गळती त्या त्या रंगाच्या टिंबाच्या रूपाने दिसते. आमचा तारा तांबडा का होता, याचे उत्तर एवढेच.

दिवसा काढलेल्या छायाचित्रात हा प्रकार जाणवत नाही, कारण सेकंदाच्या शंभराव्या भागात गळती ती किती होणार? रात्री मात्र १५, ३०, कधी ३०० सेकंद झडप उघडी ठेवावी लागते आणि पाहावयाची वस्तू अतिशय मंद असते. शिवाय सेन्सरचे तापमान साधारण ६ अंशांनी वाढले की गळती दुप्पट होते. जानेवारीतील १२ अंशांची रात्र आणि एप्रिलमधील २८ अंशांची रात्र यांत म्हणूनच सुमारे सहापट अंतर पडते. मोठ्या वेधशाळा आपले सेन्सर द्रव नायट्रोजनने थंड ठेवतात, तो खर्च यासाठीच. जेम्स वेब दुर्बिणीवरील एका अवरक्त उपकरणास उणे २६६ अंशांच्या आसपास ठेवावे लागते. हबल दुर्बिणीतही अवकाशातील प्रारणामुळे नवे हॉट पिक्सेल सतत तयार होतात. त्यातील काही बरे व्हावेत म्हणून तिचे कॅमेरे साधारण महिन्यातून एकदा मुद्दाम तापवले जातात.

आपल्याजवळ द्रव नायट्रोजन नाही. भिंगाचे झाकण आहे. आणि युक्ती त्या झाकणातच आहे. आकाशाचे चित्र जितक्या सेकंदांचे, तितक्याच सेकंदांचे, त्याच आयएसओवर आणि शक्यतो त्याच तापमानात आणखी एक चित्र झाकण लावून घ्यावयाचे. यास ‘डार्क फ्रेम’ म्हणतात; मी मुलांशी बोलताना ‘अंधारचित्र’ म्हणतो. त्यात तारे नसतात, फक्त सेन्सरची स्वतःची गळती असते. आकाशचित्रातील प्रत्येक पिक्सेलच्या संख्येतून अंधारचित्रातील त्याच पिक्सेलची संख्या वजा केली, की उरते ते आकाश.

येथे एक अंधारचित्र पुरत नाही आणि याच जागी पुष्कळ जण फसतात. समजा, एखाद्या पिक्सेलमध्ये १५ सेकंदांत सरासरी १०० इलेक्ट्रॉन गळतात. प्रत्येक वेळी ते नेमके १०० नसतात. कधी ९२, कधी १०७. हा चढउतार सरासरीच्या वर्गमुळाएवढा, म्हणजे सुमारे १० असतो. वजाबाकीने १०० जातात, परंतु आकाशचित्रातील १० चा चढउतार जात नाही. उलट, अंधारचित्राचा स्वतःचा १० चा चढउतार त्यात मिसळतो. दोन्ही मिळून २० नव्हे, वर्गांच्या बेरजेच्या हिशेबाने सुमारे १४ होतात. टिंबे गेली, पण चित्र अधिक खरखरीत झाले! मात्र २५ अंधारचित्रांची सरासरी घेतली, तर तिचा चढउतार पाचपटीने घटून २ वर येतो आणि एकूण जेमतेम १०.२ भरते. म्हणून १५ ते ३० अंधारचित्रे घ्यावीत. सरासरीऐवजी मध्यक घेतल्यास, एखाद्या चौकटीत वैश्विक किरणाचा फटका बसला असेल तर तोही गळून पडतो. अनेक कॅमेऱ्यांत दीर्घ छायाचित्रणासाठी ‘नॉइज रिडक्शन’ची सोय असते. ती प्रत्येक चित्रानंतर एकच अंधारचित्र घेऊन वजा करते. वेळ दुप्पट आणि हिशेब पुन्हा १४ चाच. ती बंद ठेवणे बरे.

तापमानाची अट आम्ही प्रथम हलक्याने घेतली. रात्री थंडीत गच्चीवर पुन्हा अर्धा तास कोण बसणार, म्हणून अंधारचित्रे दुसऱ्या दिवशी दुपारी प्रयोगशाळेत घेतली. दुपारचा सेन्सर उबदार, गळती अधिक. वजाबाकीही अधिक झाली. तेजोमेघावर सुईने टोचल्यासारखी काळी भोके पडली. ते चित्र पाहून मुले पोट धरून हसली. त्यानंतर नियम ठरला : काही अंधारचित्रे निरीक्षणापूर्वी, काही मध्ये, काही शेवटी, आणि सगळी गच्चीवरच. झाकणावर काळे कापड गुंडाळावे, मागचे पाहण्याचे छिद्रही झाकावे. सर्व चित्रे रॉ स्वरूपातच घ्यावीत. जेपेग करताना कॅमेरा संख्यांमध्ये फेरफार करून ठेवतो, मग वजाबाकीला अर्थ राहत नाही. सिरिल किंवा डीपस्कायस्टॅकर ही विनामूल्य सॉफ्टवेअर पुढचे सर्व करतात. आकाशचित्रे मात्र वजाबाकीनंतरच ताऱ्यांवर जुळवावीत. क्रम उलटला, तर एकेक हॉट पिक्सेल लांबलचक रंगीत रेघ होऊन बसतो.

अंधारचित्राने सारेच दोष जात नाहीत. भिंगावरील धुळीचे डाग आणि कडेचा काळोख यांसाठी ‘फ्लॅट’ हे वेगळे चित्र, एकसारख्या उजळ पांढऱ्या पडद्याचे, घ्यावे लागते. शहराच्या दिव्यांचा उजेडही वजाबाकीने हटत नाही. त्यासाठी अमावास्येच्या आसपास गावाबाहेर जाणे हाच उपाय. पौर्णिमेची रात्र आपल्या धम्मजीवनात कितीही मोलाची असली, तरी तेजोमेघाच्या छायाचित्रणास ती निरुपयोगी. त्या रात्री मुलांना चंद्रच दाखवावा.

पालकांनी अनेकदा विचारले आहे, की यासाठी महागडा शीतित कॅमेरा हवा का. माझे मत स्पष्ट आहे : नको. जुना, वापरलेला डीएसएलआर, तिपाई आणि डिसेंबर-जानेवारीतील थंडी पुरेशी आहे. पैसे उरले, तर जादा बॅटरी घ्यावी, कारण अंधारचित्रे घेतानाच बॅटरी संपते, असा आमचा अनुभव आहे.

जुने भित्तिपत्रक अजून प्रयोगशाळेच्या कपाटात आहे. तांबड्या ठिपक्याभोवती त्या विद्यार्थ्याने पेन्सिलीने वर्तुळ काढले असून शेजारी पिक्सेलचा पत्ता लिहिला आहे : आडवा ३११२, उभा १०४७. कॅमेरा तोच आहे. मागील हिवाळ्यात घेतलेल्या अंधारचित्रांत आठवीच्या मुलांनी प्रथम तो पत्ता शोधला. ठिपका तेथेच होता.