कशकाई गालिचा : ऐब की ओळख?

इराणी गालिचा म्हटले की काशान, तबरेज, इस्फहान ही नावे आपल्या व्यापारी बंधूंच्या तोंडी येतात. कशकाई हे नाव क्वचितच. कारण हा माल पुष्कळदा ‘शिराझ’ या नावाने विकला गेला. शिराझ ही पेठ. विणणारे हात कशकाई स्त्रियांचे.

कशकाई ही इराणच्या फार्स प्रांतातील तुर्की बोलणारी मेंढपाळ जमात. हिवाळ्यात आखाताकडची उबदार कुरणे, उन्हाळ्यात झाग्रोसचे डोंगर, असा त्यांचा फेरा. १९३० च्या दशकात रझा शाहच्या राजवटीने त्यांना सक्तीने एका जागी बसवले. आज पुष्कळ कुटुंबे स्थिरावली आहेत. विणकाम मात्र टिकले. २०१० साली युनेस्कोने फार्सच्या या कलेची वारसा म्हणून नोंद केली.

लोकर घरच्या मेंढ्यांची. पुरुष ती कातरतात आणि माग बनवतात. सूतकताई, रंगाई, विणाई बायकांकडे. माग जमिनीवर आडवा, खुंट्यांना ताणलेला. मुक्काम हलला की अर्धा गालिचा गुंडाळून जनावरावर लादायचा. कागदावर नक्षी नसते, ती आईकडून मुलीकडे येते.

आता माल पारखण्याचे पाहू. झालर म्हणजे ताण्याचीच टोके. ती लोकरीची असतील तर विणाई जुन्या भटक्या रीतीची. सुती असतील तर बहुधा गावातली किंवा कारखान्यातली. ओले पांढरे फडके घासावे. रंग उतरला तर तो कच्चा. पण न उतरणारा प्रत्येक रंग मंजिष्ठ, नीळ वा डाळिंबाच्या सालीचाच असतो असे नाही. रासायनिक रंगही पक्के असतात.

एकाच लाल रंगात फिकट-गडद पट्टे दिसतात, त्यांना ‘अब्रश’ म्हणतात. लोकर थोडी थोडी रंगवल्याने ते उमटतात. कडा किंचित वाकडी असते, कारण मुक्कामागणिक ताण बदलतो. मात्र यंत्रावरही आता मुद्दाम अब्रश काढतात, म्हणून गालिचा उलटून गाठी पाहाव्यात.

आमचे सांगणे एवढेच. खरेदीच्या वेळी या खुणांना ऐब म्हणून भाव पाडायचा आणि विक्रीच्या वेळी त्याच खुणा अस्सलपणाचा पुरावा म्हणून दाखवायच्या, हा व्यापार नव्हे. जी खूबी गिऱ्हाइकाला सांगतो, तिचा मोबदला विणणारीलाही मिळाला पाहिजे. नाहीतर तिच्या मुली मागावर बसणार नाहीत, आणि पेठेत उरेल ते नुसते शिराझचे नाव.