एक पडदा, अनेक खेळाडू
सार्वजनिक कार्यक्रमांसाठी मुक्तस्रोत खेळांची निवड

ऑक्टोबर १९५८ मध्ये अमेरिकेतील ब्रुकहेवन राष्ट्रीय प्रयोगशाळेने आपली दारे नेहमीप्रमाणे नागरिकांसाठी खुली केली. भिंतीवरील तक्ते आणि काचेआड ठेवलेली उपकरणे पाहून पाहुण्यांचे मन रमत नाही, हे तेथील भौतिकशास्त्रज्ञ विल्यम हिगिनबॉथम यांच्या ध्यानी आले होते. म्हणून त्यांनी अ‍ॅनालॉग संगणकाला ऑसिलोस्कोप जोडून एक खेळ सिद्ध केला. जेमतेम ५ इंचांच्या गोल पडद्यावर एक आडवी रेघ, मध्ये जाळ्याची छोटी उभी रेघ आणि इकडून तिकडे जाणारा प्रकाशाचा ठिपका, एवढेच त्याचे स्वरूप होते. दोन खेळाडूंच्या हाती एकेक लहान पेटी असे. तिच्यावरील खुंटी फिरवून चेंडूची दिशा ठरवायची आणि बटण दाबून तो टोलवायचा. 'टेनिस फॉर टू' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या खेळापुढे पाहुण्यांच्या रांगा लागल्या.

पुढे १९६२ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी या संस्थेत स्टीव्ह रसेल व त्यांच्या सहकाऱ्यांनी पीडीपी-१ या संगणकावर 'स्पेसवॉर' हा दोघांचा खेळ रचला. त्याच वर्षी संस्थेच्या खुल्या दिनी तोही लोकांना दाखविण्यात आला.

या दोन खेळांच्या पुढील इतिहासात मोठे अंतर पडले. 'टेनिस फॉर टू' हा तारांच्या जोडणीत बांधलेला होता. १९५९ च्या प्रदर्शनानंतर तो मोडून त्याचे भाग अन्य कामांसाठी वापरले गेले. 'स्पेसवॉर'ची आज्ञावली मात्र तिच्या कर्त्यांनी मागेल त्याला दिली. ती जिथे जिथे तसा संगणक होता तेथे पोहोचली, इतर यंत्रांसाठी नव्याने लिहिली गेली आणि तिच्यात नवी भर पडली. एक खेळ कार्यक्रमाबरोबर संपला. दुसरा कार्यक्रमातून लोकांच्या हाती गेला. विज्ञान प्रदर्शन, ग्रंथालयाचा वर्धापनदिन, शाळेचे स्नेहसंमेलन किंवा गावचा महोत्सव यांत संगणकावरील खेळांचे दालन उघडू इच्छिणाऱ्या संयोजकांनी हा फरक लक्षात घेणे अगत्याचे आहे.

'फुकट' आणि 'मुक्त'

ज्या खेळाची आज्ञावली वाचण्यास, वापरण्यास, बदलण्यास आणि वाटण्यास कर्त्याने परवान्याद्वारे मोकळीक दिलेली असते, त्यास मुक्तस्रोत खेळ म्हणतात. या विचाराला चळवळीचे रूप आले ते १९८३ मध्ये. 'स्पेसवॉर' जेथे जन्मला त्याच संस्थेच्या प्रयोगशाळेत काम करणारे रिचर्ड स्टॉलमन यांनी त्या वर्षी ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. १९८९ मध्ये जनरल पब्लिक लायसन्स, म्हणजेच जीपीएल हा परवाना सिद्ध झाला, आणि १९९८ पासून 'ओपन सोर्स' हा शब्दप्रयोग रूढ होऊ लागला.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. इंटरनेटवरून विनामूल्य मिळणारा प्रत्येक खेळ मुक्तस्रोत नसतो. अनेक खेळांचे परवाने केवळ खाजगी व बिगरव्यापारी वापरापुरते असतात. ते सार्वजनिक ठिकाणी मांडावयाचे तर स्वतंत्र परवानगी लागते. भारतात कॉपीराइट अधिनियम, १९५७ मध्ये १९८४ साली झालेल्या दुरुस्तीनंतर संगणकाच्या आज्ञावलीचा समावेश साहित्यकृतींमध्ये झालेला आहे. त्यामुळे शाळेने किंवा ग्रामपंचायतीने कार्यक्रम योजिला म्हणून परवान्याच्या अटी शिथिल होत नाहीत. याउलट जीपीएल परवान्याचा खेळ कोणत्याही हेतूने चालविण्यास कोणाचीही अनुमती मागावी लागत नाही. तिकीट लावलेले असो वा नसो, दालन एका दिवसाचे असो वा महिन्याचे, त्याने फरक पडत नाही.

तथापि आज्ञावली मुक्त असली म्हणजे तिच्यासोबतची चित्रे आणि ध्वनीही मुक्त असतात, असे मात्र नाही. 'डूम' या गाजलेल्या खेळाची आज्ञावली १९९७ मध्ये खुली झाली व १९९९ मध्ये ती जीपीएल परवान्याखाली आली. पण त्यातील चित्रे, ध्वनी व नकाशे यांवरील हक्क राखीवच राहिले. ही उणीव भरून काढण्यासाठी स्वयंसेवकांना 'फ्रीडूम' या नावाने ती सर्व सामग्री नव्याने तयार करावी लागली. म्हणून निवड करताना आज्ञावलीचा परवाना आणि कलासामग्रीचा परवाना असे दोन्ही तपासावेत. ज्यांना हे काम किचकट वाटेल त्यांच्यासाठी एक सोपी खूण आहे. डेबियन या संगणक-प्रणालीच्या 'मेन' या मुख्य संग्रहात खेळ घेताना आज्ञावलीबरोबर चित्रे व ध्वनी यांनाही मुक्ततेची कसोटी लावली जाते. खेळ त्या संग्रहात असेल तर संयोजकांचे बरेचसे काम झालेले असते.

आधी रांगेचा हिशेब

परवान्याचा प्रश्न सुटल्यावर खरा प्रश्न उभा राहतो तो गर्दीचा. घरी खेळण्यास उत्तम असलेला खेळ सार्वजनिक कार्यक्रमास योग्य असेलच असे नाही. एक साधा हिशेब पाहावा. एका पडद्यावर ४ जण खेळतात, डाव ३ मिनिटांत संपतो आणि खेळाडू बदलण्यास १ मिनिट लागते, असे धरले तर तासाला १५ डाव होऊन ६० जणांना संधी मिळते. त्याच पडद्यावर दोघांचा १० मिनिटांचा खेळ लावला आणि बदलास २ मिनिटे धरली, तर तासाला अवघे ५ डाव होतात व १० जणच खेळू शकतात. ६ तासांच्या प्रदर्शनात हा फरक ३६० आणि ६० असा पडतो. साधने तीच, खर्च तोच; पण एका निवडीमुळे ३०० मुले रांगेतूनच परत जातात.

या दृष्टीने पाहता 'बॅटल फॉर वेस्नॉथ' हा डावपेचांचा मुक्तस्रोत खेळ गुणवत्तेने श्रेष्ठ असूनही दालनासाठी गैरसोयीचा ठरतो, कारण त्याचा एकेक सामना दीर्घकाळ चालतो. तो क्लबासाठी किंवा सुट्टीतील शिबिरासाठी राखून ठेवावा.

परक्याला किती लवकर उमजते?

दुसरी कसोटी नवख्या माणसाची. कार्यक्रमास आलेल्या व्यक्तीने तो खेळ पूर्वी कधी पाहिलेला नसतो आणि सूचनांचा फलक वाचण्यास ती थांबत नाही. अर्ध्या मिनिटात सांगता येतील एवढेच नियम असावेत. 'आर्मागेट्रॉन अ‍ॅडव्हान्स्ड' हा खेळ या बाबतीत उजवा आहे. प्रत्येक खेळाडूचे वाहन आपल्यामागे भिंत उभारत धावते. कोणत्याही भिंतीवर जो आदळेल तो बाद. डावीकडे वळणे आणि उजवीकडे वळणे या दोन कळांवर खेळ सुरू करता येतो आणि विभागलेल्या पडद्यावर चौघे एकत्र खेळू शकतात.

'सुपरटक्सकार्ट' ही छोट्या मोटारींची शर्यत आहे. मुक्तस्रोत जगातील निरनिराळ्या प्रकल्पांची बोधचिन्हे, उदाहरणार्थ टक्स हा पेंग्विन, तीत चालक म्हणून दिसतात. एकाच संगणकावर ८ खेळाडूंपर्यंत सोय आहे. परंतु पडद्याचे तितके तुकडे केल्यास प्रत्येकाच्या वाट्याला लहानशी चौकट येते. सामान्य आकाराच्या दूरचित्रवाणी संचावर ४ ही संख्या योग्य होय. फेऱ्यांची संख्या कमी करून शर्यत हवी तेवढी आखूड करता येते.

'फ्रोझन बबल'मध्ये दोन खेळाडू आपापल्या बाजूने रंगीत बुडबुडे नेमून मारतात. डावी, उजवी आणि मारा एवढ्याच कळा असल्याने लहान मुले व आजी-आजोबा यांची जोडीही त्यात रमू शकते. लाल-हिरव्या रंगांतील भेद ज्यांना ओळखता येत नाही, त्यांच्यासाठी या खेळात वेगळे बुडबुडे निवडण्याची सोय आहे. 'नेव्हरपट' हा छोट्या गोल्फचा खेळ चौघांनी पाळीपाळीने खेळावयाचा असून त्यास एक माऊस पुरतो. गेमपॅडसाठी निधी नसेल तेथे असा खेळ उपयोगी पडतो.

तिसरी कसोटी प्रेक्षकांची. सामाईक पडद्याचे वैशिष्ट्य असे की, खेळणाऱ्या चौघांमागे उभे असलेले चाळीसजणही तोच पडदा पाहत असतात. कोण पुढे आहे, कोण बाद झाले, हे मागच्या रांगेतूनही कळले पाहिजे. तसे झाले तर प्रतीक्षेचा वेळ कंटाळवाणा होत नाही आणि रांगेतील मुलगा पाहता पाहता नियम शिकून घेतो.

संधी सर्वांना मिळावी

खेळांच्या दालनात एक गोष्ट हमखास घडते. सरावलेल्या मुलांचा गट गेमपॅड ताब्यात घेतो, जिंकणारा जागा सोडत नाही, आणि मुली, लहान भावंडे व प्रौढ मंडळी कडेला उभी राहतात. 'जिंकेल तो खेळेल' हा नियम स्पर्धेस शोभतो, सार्वजनिक दालनास नव्हे. प्रत्येक डावानंतर चारही जागा रिकाम्या व्हाव्यात, क्रमांकाचे बिल्ले द्यावेत आणि एका स्वयंसेवकाने नवख्यांच्या शेजारी उभे राहावे. ज्या खेळात कौशल्याइतकाच नशिबाचाही भाग असतो, तो अशा मिश्र गर्दीला अधिक मानवतो.

विषयाचे औचित्यही पाहिले पाहिजे. 'हेजवॉर्स' या खेळात काटेरी साळूसारख्या छोट्या प्राण्यांचे संघ आळीपाळीने एकमेकांवर मारा करतात. तो विनोदी आहे, एका कळफलकावर अनेकांना खेळता येतो. पण त्यात शस्त्रे आहेतच. महाविद्यालयीन मेळाव्यास तो चालेल. बालवाडीच्या कार्यक्रमात तो मांडावा की नाही, याचा निर्णय शिक्षक व पालक यांनी आधी घ्यावा. तसेच सेकंदाला ३ पेक्षा अधिक वेळा लखलखणारी दृश्ये अपस्माराच्या काही रुग्णांना अपायकारक ठरू शकतात. असे खेळ टाळावेत. चाकाच्या खुर्चीवरील खेळाडू टेबलाजवळ येऊ शकेल एवढी जागा मोकळी ठेवणे, हेही निवडीइतकेच महत्त्वाचे आहे.

साधनांची तयारी

१९६२ मध्ये 'स्पेसवॉर' खेळणाऱ्यांना संगणकाच्या दर्शनी भागावरील लहान खटके वापरावे लागत आणि त्याने कोपरे दुखून येत. तेव्हा अ‍ॅलन कोटॉक व रॉबर्ट सॉन्डर्स यांनी हाती धरण्याच्या वेगळ्या पेट्या बनविल्या. आजही धडा तोच आहे. अनेक साध्या कळफलकांवर एकाच वेळी बऱ्याच कळा दाबल्या तर काहींची नोंद होत नाही. तीन-चार जण एका कळफलकावर खेळू लागले की 'मी कळ दाबली होती' अशी तक्रार सुरू होते, आणि ती बहुधा खरी असते. शक्य तेथे यूएसबी गेमपॅड घ्यावेत व एखाद-दुसरा राखीव ठेवावा.

मोठ्या दूरचित्रवाणी संचावर चित्र सुधारण्याच्या प्रक्रियेमुळे हालचाल किंचित उशिरा दिसते. संचात 'गेम मोड' असल्यास तो सुरू करावा. सामाईक पडद्याच्या खेळांस इंटरनेटची गरज नसते. ग्रामीण भागात ही फार मोठी सोय आहे. मात्र खेळ आदल्या दिवशीच संगणकावर उतरवून, सर्व गेमपॅड जोडून, एक पूर्ण डाव खेळून पाहावा. वीज गेल्यास कार्यक्रम ठप्प होऊ नये म्हणून लॅपटॉप व विद्युत साठ्याची व्यवस्था असावी.

कार्यक्रम संपल्यावर

मुक्तस्रोत खेळाचा खरा लाभ दालन बंद झाल्यावर सुरू होतो. आवडलेल्या खेळाची प्रत पेन ड्राइव्हवर विद्यार्थ्याला देता येते. ही चोरी नव्हे, परवान्याने दिलेला हक्क आहे. जीपीएल खेळाची प्रत देताना परवान्याचा मजकूर आणि मूळ आज्ञावलीही सोबत दिली की अटींचे पालन होते. ती आज्ञावली उघडून मोटारीचा वेग कोठे ठरतो, हे एखादी विद्यार्थिनी शोधू शकते; कोणी नवा मार्ग आखू शकतो, तर कोणी सूचनांचे मराठीकरण करण्याचे काम हाती घेऊ शकतो.

भारत सरकारने २०१५ मध्ये शासकीय कामकाजात मुक्तस्रोत प्रणालींच्या स्वीकाराचे धोरण जाहीर केले. मुंबईतील पवई येथील भारतीय तंत्रज्ञान संस्थेचा 'फॉसी' प्रकल्प शिक्षणक्षेत्रात अशा साधनांचा प्रसार करतो. परंतु धोरणे आणि प्रकल्प यांची ओळख सामान्य मुलाला सहसा होत नाही. ती होऊ शकते गावच्या सभागृहात, चार मित्रांसोबत एका पडद्यासमोर. तेथे लावलेला खेळ तासाभराची करमणूक म्हणून विरून जावा, की त्यातून एखाद्या घरी नव्या कुतूहलाने प्रवेश करावा, हे बव्हंशी संयोजकांनी आधी केलेल्या निवडीवर अवलंबून राहील.