वास नरकाचा, गोष्ट औषधाची

पावसाळी ट्रेकला निघालात. आंबोली म्हणा, महाबळेश्वर म्हणा, नाहीतर राधानगरीचं जंगल. धुकं, चिखल, पायाला जळवा. आणि मध्येच भपकन एक घाण वास येतो, काहीतरी कुजल्यासारखा. ग्रुपमधले सगळे एकमेकांकडे संशयाने बघतात, कुणीतरी कुणाच्या तरी मोज्यांवर विनोद करतं आणि सगळे पुढे सरकतात. मोज्यांचा दोष नसेलही. जरा वर बघा. पिवळट पांढऱ्या बारीक फुलांचे गुच्छ लागलेलं एखादं मध्यम उंचीचं झाड दिसलं, तर तो नरक्या असू शकतो.

नावातच सगळं आलं. शास्त्रीय नाव नोथापोडायटिस निम्मोनियाना. जुन्या पुस्तकांत हेच झाड मॅपिया फिटिडा म्हणून सापडतं आणि लॅटिनमध्ये 'फिटिडा' म्हणजे दुर्गंधी. थोडक्यात, लॅटिन नाव ठेवणारा आणि सह्याद्रीतला गावकरी, दोघांच्या नाकांचं एकमत झालं!

पण याच झाडाच्या लाकडात आणि मुळांत कॅम्प्टोथेसिन नावाचं एक द्रव्य असतं. त्यापासून बनलेली औषधं आज जगभरात आतड्याच्या, अंडाशयाच्या आणि फुप्फुसाच्या काही कॅन्सरवर दिली जातात. हे वाचून लगेच 'नरक्याचा काढा, कॅन्सरवर रामबाण' असं टाइप करायला घेतलं असेल, तर एक मिनिट थांबा. कारण आजची गोष्ट झाड आणि औषध यांच्यामधल्या अंतराची आहे. ते अंतर कापायला तीस वर्षं लागली.

नंदुरबार ते नॉर्थ कॅरोलिना

गोष्टीची सुरुवात आपल्याच खानदेशातून करता येते. मनसुख वाणी यांचा जन्म १९२५ सालचा, नंदुरबारचा. मुंबई विद्यापीठातून रसायनशास्त्रात एमएस्सी, मग अमेरिकेत इंडियाना विद्यापीठातून १९६२ मध्ये पीएचडी. त्यानंतर ते नॉर्थ कॅरोलिनातल्या रिसर्च ट्रायँगल इन्स्टिट्यूटमध्ये रुजू झाले. तिथे त्यांची जोडी जमली मन्रो वॉल या शास्त्रज्ञाशी.

तो काळ मोठ्या शोधमोहिमेचा होता. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने १९६० मध्ये ठरवलं, की ठिकठिकाणच्या वनस्पती गोळा करायच्या, त्यांचे अर्क काढायचे आणि त्यातला एखादा कॅन्सरच्या पेशी रोखतो का, ते तपासायचं. १९८२ पर्यंत लाखाहून जास्त अर्क तपासून झाले. त्यातून प्रत्यक्ष औषध म्हणून रुग्णांपर्यंत पोचलेली द्रव्यं मात्र बोटांवर मोजण्याइतकी.

वॉल आणि वाणी यांच्या हाती आलं चीनमधलं कॅम्प्टोथेका हे झाड. चिनी भाषेत त्याचं नाव 'शी शू', म्हणजे आनंदी झाड. अर्कात गुण आहे हे कळलं होतं, पण अर्कात शेकडो द्रव्यं असतात. काम नेमकं कोण करतंय? मग सुरू होतो सगळ्यात चिकट उद्योग. अर्काचे भाग पाडायचे, प्रत्येक भाग तपासायचा, ज्यात गुण दिसतो तो ठेवायचा आणि त्याचे पुन्हा भाग पाडायचे. पेपर क्रोमॅटोग्राफीच्या प्रॅक्टिकलला शाईतले रंग वेगळे झालेले तुम्ही पाहिले असतील. तोच खेळ, फक्त वर्षानुवर्षं. १९६६ मध्ये त्यांनी कॅम्प्टोथेसिनची रचना जाहीर केली. पुढे १९७१ मध्ये याच जोडीने पॅसिफिक यू या झाडाच्या सालीतून टॅक्सॉल शोधलं. तेही आज कॅन्सरवरचं महत्त्वाचं औषध आहे.

एका माणसाच्या कारकिर्दीत अशी दोन द्रव्यं! वाणी २०२० मध्ये गेले. आपल्यापैकी कितीजणांनी त्यांचं नाव ऐकलं होतं?

औषध, जे नापास झालं

सिनेमा असता तर इथे टाळ्या पडून संपला असता. प्रत्यक्षात १९७० च्या दशकाच्या सुरुवातीला माणसांवर चाचण्या सुरू झाल्या आणि फार लवकर थांबवाव्या लागल्या. कॅम्प्टोथेसिन पाण्यात विरघळत नाही, म्हणून त्याचा विरघळणारा क्षार करून दिला. पण त्यासाठी रेणूतली एक कडी उघडावी लागत होती आणि गुण नेमका त्या कडीतच होता. वर दुष्परिणाम भयंकर. रुग्णांना मूत्राशयातून रक्तस्राव होऊ लागला, रक्तपेशी घटल्या, जुलाबांनी हैराण केलं. द्रव्य कपाटात गेलं.

योगायोग बघा, १९७२ मध्ये मुंबईतल्या गोरेगावच्या सिबा संशोधन केंद्रातले टी. आर. गोविंदाचारी आणि एन. विश्वनाथन यांनी दाखवून दिलं, की हेच कॅम्प्टोथेसिन आपल्या नरक्यात आहे आणि चिनी झाडापेक्षा जास्त प्रमाणात आहे. तिकडचं आनंदी झाड, इकडचा नरक्या. दोघांची कुळं वेगळी, द्रव्य एकच. पण तेव्हा त्या द्रव्याला मागणी कुठे होती?

कोंडी फुटली १९८५ मध्ये. कॅम्प्टोथेसिन पेशीत नेमकं काय करतं, ते तेव्हा कळलं. इअरफोनची वायर खिशातून काढल्यावर तिला जसा पीळ पडलेला असतो, तसा पीळ पेशी विभागताना डीएनएला पडतो. तो सोडवायला टोपोआयसोमरेज-१ हे एन्झाइम असतं. ते डीएनएचा एक धागा कापतं, पीळ सोडवतं आणि धागा पुन्हा जोडतं. कॅम्प्टोथेसिन कापण्या-जोडण्याच्या मधल्या क्षणी या एन्झाइमला तिथेच अडकवून ठेवतं. धागा कापलेलाच राहतो आणि विभागू पाहणारी पेशी मरते.

आता दुष्परिणामांचं कोडंही सुटलं. कॅन्सरच्या पेशी वेगाने विभागतात. पण आतड्याचं अस्तर, केसांची मुळं आणि अस्थिमज्जा इथल्या पेशीही तशाच विभागतात. द्रव्याला आपला-परका कळत नाही.

मग प्रश्न बदलला. 'हे चालतं का?' याऐवजी 'याच्या रेणूत काय बदललं तर ते झेपेल?' असा विचार सुरू झाला. जपानच्या याकुल्ट कंपनीने (हो, तीच, छोट्या बाटलीतल्या आंबट-गोड पेयवाली) त्यातून इरिनोटेकॅन तयार केलं. दुसरीकडे टोपोटेकॅन तयार झालं. १९९६ मध्ये या दोन्ही औषधांना अमेरिकेत मान्यता मिळाली. १९६६ ते १९९६. तुमच्या आजच्या वयापेक्षा जास्त वर्षं!

आणि तरी प्रश्न संपले नाहीत. इरिनोटेकॅनपासून शरीरात तयार होणारा प्रभावी अंश बाहेर टाकणारं एक एन्झाइम काही जणांत जन्मतःच मंद असतं. त्यांना तोच डोस जड जातो. २००५ पासून अमेरिकेत या औषधाच्या माहितीपत्रकात तसा इशारा छापला जातो. म्हणजे औषध तेच, कॅन्सर तोच, पण माणूस बदलला की हिशोब बदलतो. मग 'सकाळी उपाशीपोटी दोन पानं, सगळ्यांना लागू' हे कसं चालेल?

कुठली अमृता?

आता एक गंमत, पण गंभीर. काही भागांत नरक्याला 'अमृता' म्हणतात. आणि आयुर्वेदात 'अमृता' हे नाव गुळवेलीचं आहे. एक झाड, एक वेल, आतली द्रव्यं पूर्ण वेगळी, नाव एकच. म्हणून संशोधनातली पहिली पायरी लॅबच्या बाहेर असते. वनस्पतीचा नमुना वाळवून, कागदावर लावून, ती कुठे आणि कधी सापडली हे लिहून वनस्पतीसंग्रहालयात जमा करायचा. मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजमधलं ब्लॅटर हर्बेरियम आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था इथे असे नमुने जपलेले आहेत. नमुना नसेल तर पुढचं सगळं संशोधन हवेत.

ओळख चुकली तर काय होतं, याची चर्चा आपण कोविडच्या काळात ऐकली. २०२० च्या सप्टेंबर ते डिसेंबरमध्ये मुंबईतल्या डॉक्टरांनी यकृताला इजा झालेल्या सहा रुग्णांची नोंद केली. सगळे गुळवेल घेत होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेतला. रुग्णांनी घेतलेल्या वनस्पतीची नीट तपासणीच झालेली नाही, तिच्यासारखी दिसणारी दुसरी जातही असू शकते, असं त्यांचं म्हणणं. वाद कुणी जिंकला ते बाजूला ठेवा. दोन्ही बाजू एकाच जागी बोट ठेवतात : पोटात नेमकं काय गेलं, हे आधी माहीत हवं.

झाडाचं काय?

औषध चाललं आणि कपाटातल्या द्रव्याला भाव आला. तेव्हा नरक्याचे दिवस फिरले. त्याच्या सुक्या लाकडात कॅम्प्टोथेसिन असतं साधारण ०.१ टक्क्याच्या आसपास. म्हणजे एक किलोमागे जेमतेम एक ग्रॅम. द्रव्य लाकडात आणि मुळांत, त्यामुळे चार पानं तोडून भागत नाही. झाडच आडवं होतं, कधी मुळासकट निघतं. कोल्हापूर-सिंधुदुर्ग पट्ट्यात नरक्याची चोरटी वाहतूक पकडल्याच्या बातम्या अधूनमधून येतात, त्या याच कारणाने. तोडणाऱ्याच्या हाती चार पैसे, खरी किंमत पुढच्या साखळीत.

म्हणून झाड न तोडता द्रव्य मिळवायचा शोधही सुरू आहे. ट्रॉम्बेच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात नरक्याच्या पेशी काचपात्रात वाढवून पाहिल्या गेल्या. २००५ मध्ये जम्मूच्या प्रयोगशाळेतल्या संशोधकांनी आणखी वेगळी गोष्ट दाखवली. नरक्याच्या आत राहणारी एक बुरशी झाडाबाहेर वाढवली, तर तीही कॅम्प्टोथेसिन तयार करते! अडचण अशी, की अशा बुरशा प्रयोगशाळेत पिढ्यान्‌पिढ्या वाढवल्या की त्यांची ही क्षमता घटत जाते. का घटते? मायक्रोबायोलॉजी, बायोटेक किंवा फार्मसी करणाऱ्यांनो, फार्माकॉग्नॉसीचा तास कंटाळवाणा वाटत असेल तर हा प्रश्न वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

आणि विज्ञान शाखेचे नसाल तरी काम आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार गावात जैवविविधता व्यवस्थापन समिती असते आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायची असते. कुठली वनस्पती कुठे आहे, तिचा वापर कोण कसा करतं, हे त्यात लिहिलेलं हवं. उद्या कुणी त्या वनस्पतीतून पैसा कमावला, तर गावाला आपला वाटा मागायला ही नोंद कामी येते. यंदा एनएसएसच्या कॅम्पला गेलात की ग्रामपंचायतीत एवढंच विचारा, "नोंदवही बघायला मिळेल का?"

सलाइनच्या बाटलीत

शेवटचा मुद्दा घरचा आहे. तुमच्या किंवा मित्राच्या घरी कुणाची केमोथेरपी सुरू असते. केस गेलेले, जेवण जात नाही. अशा वेळी कुणीतरी जवळचंच माणूस मुळी नाहीतर पावडर घेऊन येतं आणि म्हणतं, "ते केमिकल सोडा, हे नॅचरल आहे, याचा काही त्रास नाही." ते माणूस वाईट नसतं, त्याला काळजीच असते. आणि घरातलं सगळ्यात शिकलेलं म्हणून सगळे तुमच्याकडे बघतात.

तेव्हा त्यांना नरक्याची गोष्ट सांगा. त्या सलाइनमध्ये थेंबथेंब जाणारं औषध कदाचित झाडातूनच आलेलं असेल. ते नॅचरल होतं तेव्हाच जास्त विषारी होतं. माणसाला झेपेल असं ते झालं, कारण तीस वर्षं कुणीतरी विचारत राहिलं : वनस्पती नेमकी कुठली? तिच्यातलं काम करणारं द्रव्य कुठलं? डोस किती? कुणावर तपासलं आणि त्यांचं काय झालं? हेच चार प्रश्न त्या पावडरीलाही विचारा, आवाज न चढवता. उत्तरं मिळाली तर डॉक्टरांना दाखवा. नाही मिळाली तर सुरू असलेला उपचार सोडू देऊ नका.

आणि पुढच्या पावसाळ्यात तो वास आलाच, तर नाक दाबा, फोटो काढा आणि झाडाला हात न लावता पुढे चला. मोज्यांवरचा विनोद मात्र चालेल.