कापसाचं मेण काढू नका

औषधाच्या दुकानातल्या कापसाचा चिमूटभर पुंजका आणि जिनिंगमधून नुकत्याच आलेल्या रुईचा तेवढाच पुंजका शेजारी शेजारी पाण्यावर सोडला, तर पहिला काही सेकंदांत भिजून तळाला जातो. दुसरा तरंगतच राहतो. बोटाने दाबून बुडवला तरी पुन्हा वर येतो. आता त्याच पाण्यावर गोडेतेलाचे चार थेंब टाका. तरंगणारा पुंजका ते थेंब ओढून घेतो आणि तळाशी गेलेला पाण्याने फुगून नुसता पडून राहतो. दोन्ही कापूस एकाच पिकाचे; फरक आहे तो तंतूवरच्या मेणाचा. कच्च्या कापसात वजनाच्या जेमतेम अर्धा ते एक टक्का मेण असतं. कॉस्टिक सोड्यात उकळून ते काढलं की मगच कापूस पाणी पितो, रंग धरतो, जखमेवर ठेवण्याजोगा होतो. त्यामुळे हे मेण घालवण्यासाठी वस्त्रोद्योग पाणी, वाफ आणि रसायनं खर्च करतो. तेल पुसायच्या कापडाला मात्र नेमकं तेच मेण हवं असतं. आज हे काम बहुतेक ठिकाणी प्लास्टिकच्या तंतूकडे गेलेलं आहे. त्यातलं बरंचसं काम न धुतलेला, सूतगिरणीला नकोसा असलेला कापूस करू शकतो आणि आपल्याकडे त्याचा गंभीरपणे विचार व्हायला हवा, असं माझं म्हणणं आहे.

तेल पुसणाऱ्या कापडाची खरी ताकद तंतूंमधल्या रिकाम्या जागेत असते, म्हणून आधी थोडा हिशेब. गॅरेजमध्ये ज्याला नुसतं ‘वेस्ट’ म्हणतात ते जुन्या बनियनचं फडकं पिळाच्या सुताचं, दाट विणीचं असतं. त्याची घनता घनसेंटिमीटरला ०.३५ ग्रॅम धरली, तर एक ग्रॅम फडकं सुमारे २.९ घनसेंटिमीटर जागा व्यापतं. त्यातली ०.६५ जागा खुद्द कापसाच्या तंतूची. उरलेल्या सव्वादोन घनसेंटिमीटरमध्ये इंजिन ऑइल मावून मावून दोन ग्रॅम मावेल. तोच कापूस सूत न कातता, न विणता, नुसता पिंजून त्याचा थर केला, काटेरी सुयांनी वरखाली टोचून तंतू एकमेकांत अडकवले आणि ०.०८ घनतेची पातळ गादी तयार केली, तर एका ग्रॅमची जागा साडेबारा घनसेंटिमीटर होते आणि तेल मावतं दहा ग्रॅमच्या आसपास. तंतू तेच, वजन तेच, फक्त मधली हवा वाढली. हे कागदावरचे कमाल आकडे आहेत. प्रत्यक्षात हवेचे बुडबुडे अडकतात, थोडं तेल गळतं. तरी दोनपट आणि दहापट हा फरक काही पुसला जात नाही. असं न विणलेलं, म्हणजे नॉनवोव्हन, कापड तेलाच्या कामाला उत्तम ठरतं ते या रिकाम्या जागेमुळे.

या जागेत कोणाला घ्यायचं, हे तंतूचा पृष्ठभाग ठरवतो. पाण्याचा पृष्ठताण मीटरला ७२ मिलिन्यूटन, तेलांचा साधारण ३० ते ३५. पॉलिप्रॉपिलीन या प्लास्टिकच्या पृष्ठभागावर साधारण ३०च्या आसपासचा पृष्ठताण असलेला द्रव पसरतो, त्याहून फार जास्त असलेला थेंब होऊन बसतो. म्हणजे तेल आत आणि पाणी बाहेर. शिवाय हे प्लास्टिक पाण्यापेक्षा हलकं, स्वस्त आणि वितळवून फार बारीक तंतू काढता येण्याजोगं. वितळलेल्या प्लास्टिकवर गरम हवेचा झोत मारून काही मायक्रॉन जाडीचे तंतू काढण्याची ‘मेल्टब्लोन’ पद्धत अमेरिकी नौदलाच्या संशोधन प्रयोगशाळेतल्या व्हॅन वेंट यांनी १९५६मध्ये मांडली. कोविडच्या काळात तोंडावर आलेल्या मास्कचा मधला थर याच पद्धतीचा. तेल शोषणाऱ्या पांढऱ्या किंवा राखाडी चटया, कारखान्यातले जाडसर वाइप्स बहुधा याच घराण्यातले. इथे एक गोष्ट सांगितली पाहिजे, नाहीतर माझा मुद्दा फुगवल्यासारखा होईल. कोरड्या फरशीवर, कोरड्या पान्यावर सांडलेलं तेल धुतलेला सुती कपडाही व्यवस्थित टिपतो, कारण सेल्युलोजला तेलाचं वावडं नाही. गडबड होते ती पाणी हजर असताना. ओल्या फरशीवर, पावसाळ्यातल्या पार्किंगमध्ये, खाडीच्या पाण्यावर धुतलेला कापूस आधी पाणी पितो आणि तेलासाठी जागाच उरत नाही. ७ ऑगस्ट २०१० रोजी मुंबईजवळ एमएससी चित्रा आणि खलिजिया ३ ही जहाजं धडकली आणि तेल किनाऱ्यावरच्या तिवरांपर्यंत पोचलं. अशा ठिकाणी पाणी नाकारणारा तंतूच उपयोगाचा.

मग प्लास्टिक आणि मेणवाला कापूस यांच्यात निवड कशी करायची? टेक्सास टेक विद्यापीठातले शेषाद्री रामकुमार आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१३मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनात, कच्च्या आणि कमी मायक्रोनेअरच्या कापसाने स्वतःच्या वजनाच्या ३० पटींहून अधिक खनिज तेल धरल्याचं दिसलं. मायक्रोनेअर म्हणजे तंतूंमधून हवा किती सहज जाते यावरून काढलेला बारीकपणाचा आणि पक्वतेचा आकडा. तो कमी असला की तंतूची भिंत पातळ, तंतू चपटा आणि बारीक. म्हणून एका ग्रॅममध्ये पृष्ठभाग जास्त. हाच कापूस सूतगिरणीला नको असतो: त्याच्या गाठी पडतात, रंग नीट बसत नाही, म्हणून त्याचा भाव कापला जातो. विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना शेवटच्या वेचणीचा अपक्व कापूस, किडका कवडी कापूस, गिरणीतून निघणारा आखूड तंतूंचा कॉम्बर नॉइल हे शब्द नवे नाहीत. वरचा ३०चा आकडा सुट्या कापसाचा आहे, कापडाचा नाही. टोचून गादी केली की तो खाली येतो, हे आधीच्या हिशेबावरून उघड आहे. तरीही प्लास्टिकच्या चटयांच्या तोडीस तोड राहायला त्याला फारशी अडचण येऊ नये.

कापड घडवताना मात्र एक पेच आहे. छिद्रं मोठी ठेवली तर तेल पटकन शिरतं, पण धरून ठेवण्याची ताकद कमी होते. छिद्राची त्रिज्या चौपट केली तर ठराविक वेळात तेल दुप्पट अंतर जातं आणि त्याला आत खेचणारा दाब पावपट उरतो. एडवर्ड वॉशबर्न यांनी १९२१मध्ये मांडलेल्या सूत्रातून हा वेगाचा हिशेब निघतो. त्याच सूत्रात घट्टपणाही येतो. गोडेतेल पाण्यापेक्षा पन्नास-साठ पट घट्ट आणि पृष्ठताण निम्म्याहून कमी. बाकी सगळं सारखं असेल, तर तेच अंतर जायला तेलाला पाण्याच्या शंभरपटीहून अधिक वेळ लागतो. हाताने पुसणारा माणूस तितका थांबत नाही. म्हणून पुसायच्या कापडाला वर मोठ्या आणि आत लहान छिद्रांचा थर लागतो: वरचा थर पटकन घेतो आणि आतला धरून ठेवतो. चटई एका जागी पडून राहते, तिला हा घोर नाही. पण दोन्ही वस्तू एकाच मापाने विकल्या जातात. शोषक पदार्थांच्या प्रचलित चाचणीत नमुना तेलात पंधरा मिनिटं ठेवतात, वर काढून अर्धा मिनिट टांगतात आणि वजन करतात. ती चटईची चाचणी आहे. फडक्याला मुठीचा दाब सोसावा लागतो आणि पुसून झाल्यावर पृष्ठभागावर काय राहिलं, हे ती चाचणी विचारतच नाही. विकत घेणाऱ्याने पाकिटावरच्या ‘वजनाच्या पंधरापट’ वगैरे ओळीवर फार भाळू नये, हे सहज सांगतो.

तंतू अडकवण्याची पद्धतही इथे मेणाच्या बाजूने किंवा विरुद्ध जाते. बाजारातले बहुतेक मऊ वाइप्स स्पनलेस पद्धतीचे, म्हणजे बारीक पण प्रचंड दाबाच्या पाण्याच्या धारांनी तंतू गुंतवलेले. कच्चा कापूस या यंत्रावर घातला, तर दाब फार वाढवल्यावर मेणाचा थर फाटतो आणि कापड पाणी पिऊ लागतं. तेलासाठी म्हणून घेतलेला कापूस आपणच बिघडवायचा असं ते होईल. सुयांनी कोरडं टोचण्याची पद्धत इथे बरी: पाणी नाही, वाळवणं नाही, मेण जागच्या जागी. गादीही फुगीर राहते. उणीव एकच आणि ती खरी आहे. आखूड, अपक्व तंतू टोचून धरलेले असल्याने घासताना सुटतात. लेथखालचा ट्रे पुसायला त्याने बिघडत नाही, पण गाडी रंगवायच्या खोलीत किंवा छपाईच्या सिलिंडरवर एक तंतू उडाला तरी काम फुकट जातं. उपाय म्हणून दोन्ही बाजूंना पॉलिप्रॉपिलीनचा पातळ थर देता येतो. मग प्लास्टिक परत आलंच, असं कोणी म्हणेल. आलं, पण वजनाच्या थोड्या भागापुरतं. रंगकामाच्या खोलीला मी हे कापड देणार नाही, प्लास्टिकचंच राहू द्यावं.

ग्रीसचं प्रकरण वेगळं. ग्रीस म्हणजे साबणाच्या जाळ्यात अडकवलेलं तेल; बहुतेक वेळा हा साबण लिथियमचा असतो. ते आपोआप वाहतच नाही, म्हणून केशाकर्षणाच्या गप्पा त्याच्यापुढे चालत नाहीत. ते आधी खरवडून उचलावं लागतं, आणि टोचलेल्या कापसाची खरखरीत बाजू हे काम गुळगुळीत मेल्टब्लोनपेक्षा चांगलं करते. स्वयंपाकघरातल्या चिमणीवरचा ओशट थर त्याहून हट्टी. तो तेल राहिलेलाच नसतो: वाफेबरोबर उडालेल्या फोडणीच्या तेलाच्या रेणूंना उष्णता आणि हवेतला प्राणवायू एकमेकांशी जोडतात आणि त्याचा मेणचट वार्निश होतो. त्याला अल्कली, पृष्ठसक्रिय द्रव्य आणि थोडा वेळ लागतो, आणि हे सगळं पाण्यात विरघळवून द्यायचं असेल तर पाणी नाकारणारं कापड आडवं येतं. तिथे व्हिस्कोसचा ओला वाइप योग्य, एवढी कबुली देतो. तो ओला वाइप संडासात मात्र टाकू नये. २०१७मध्ये लंडनच्या व्हाइटचॅपल भागातल्या गटारात चरबी आणि वाइप्सचा सुमारे १३० टनांचा, २५० मीटर लांबीचा गोळा सापडला होता. मशीनशॉपमधलं कूलंट, म्हणजे पाण्यात मिसळलेलं तेल, हेही मेणवाल्या कापसाचं काम नाही; तिथे तेल आणि पाणी दोन्ही घेणारा, पृष्ठसक्रिय द्रव्य लावलेला तंतू लागतो. चाकणच्या कारखान्याला एकच फडकं सगळीकडे चालवायचं असेल तर माझं कापड नको.

सगळ्यात सोपा युक्तिवाद ‘कापूस कुजतो, प्लास्टिक कुजत नाही’ हा आहे आणि तो मला फसवा वाटतो. तेलात भिजलेलं फडकं कुठेच कुजायला जात नाही. २०१६च्या घातक कचऱ्याच्या नियमांच्या यादीत दूषित सुती चिंध्या आणि पुसण्याचं इतर साहित्य यांची स्वतंत्र नोंद आहे. कारखान्याला ते अधिकृत ठिकाणी द्यावं लागतं आणि बहुधा ते जाळलं जातं. जळल्यावर दोन्ही सारखेच. फरक आधीच्या टप्प्यांत आहे: कच्चा माल खनिज तेलातून आला की शेतातून, आणि घासताना सुटलेला तंतू प्लास्टिकचा की सेल्युलोजचा. एवढ्यावर समाधान मानावं. जास्त दावा केला तर ते खोटं होईल.

आग हा दुसरा आक्षेप, आणि तो हलका नाही. २३ फेब्रुवारी १९९१ रोजी फिलाडेल्फियातल्या वन मेरिडियन प्लाझा या ३८ मजली इमारतीत लाकडाच्या कामासाठी वापरलेल्या जवसाच्या तेलाच्या चिंध्या आपोआप पेटल्या आणि आग विझवताना तीन जवान गेले. जवसासारखं तेल हवेतला प्राणवायू घेऊन वाळतं, वाळताना उष्णता निघते, आणि चुरगळलेल्या फडक्यातून ती बाहेर पडत नाही. जास्त पृष्ठभागाचा, जास्त हवेचा कापूस म्हणजे ही क्रिया अधिक वेगाने. इंजिन ऑइल असं वाळत नाही, त्याला ही भीती नाही. म्हणून वार्निश आणि जवसाचं तेल वापरणाऱ्या सुतारकामात या कापडाबरोबर झाकणाचा पत्र्याचा डबा सक्तीचा हवा. तो ठेवणं जमणार नसेल तर तिथे हे कापड देऊच नये.

उरतो शेतकऱ्याचा प्रश्न. अपक्व कापसाला भाव मिळू लागला तर फरदडीचं पीक उन्हाळ्यापर्यंत शेतात ठेवण्याची ओढ वाढेल आणि गुलाबी बोंडअळीला घर मिळेल, अशी शंका रास्त आहे. कृषी विभाग फरदड घेऊ नका असं सांगतो ते याचसाठी. पण हे कापड फरदडीवर अवलंबून ठेवण्याची गरज नाही. नियमित हंगामातल्या शेवटच्या वेचणीत, कवडीत आणि कॉम्बर नॉइलमध्ये माल निघतच असतो. नॉइलला गिऱ्हाईक आधीपासून आहे, ते त्याचं मेण उकळून काढून वैद्यकीय कापूस आणि नोटांचा कागद करतं. त्यांच्याशी भावात स्पर्धा करावी लागेल, हे खरं. संशोधनाची घरं मात्र जवळच आहेत. इचलकरंजीच्या डीकेटीई संस्थेत नॉनवोव्हनसाठी केंद्र आहे आणि माटुंग्याची सिरकॉट ही संशोधन संस्था १९२४पासून कापसाच्याच तंतूवर काम करते आहे. अडथळा मोजमापाचा आहे. कापसाची प्रत बाजारात लांबी, ताकद, मायक्रोनेअर, रंग आणि कचरा यांवर ठरते. हे पाचही निकष सूत कातणाऱ्याच्या सोयीचे. मेणाचं प्रमाण कोणी विचारत नाही, त्याला भावही नाही. तेलाचं कापड करणाऱ्या गिरणीने गाठी घेताना पहिला आकडा मेणाचा मागायला हवा आणि तो चांगला असेल तर कमी मायक्रोनेअरची कपात लावू नये. तोवर हा कापूस ‘हलका माल’ म्हणूनच मोजला जाईल.